रागवायचा वार

मुलांना रागवायला आधी वेळ ठरवून देणारं माणूस अख्ख्या बडोद्यात एकच, आणि ते माझ्या शाळेत विज्ञान शिकवायचं. वर्गात कुणी काही उद्योग केला, की आमच्या या विज्ञानाच्या बाई खडू खाली ठेवायच्या, पर्समधून छोटी डायरी काढायच्या आणि दाताच्या दवाखान्यात नंबर लावावा तशा शांतपणे विचारायच्या, "तुला रागवायचंय. गुरुवारी मधल्या सुट्टीत मोकळा आहेस ना?" मग तास पुढे सुरू.

घडियाळी पोळ या जुन्या गल्लीत वाढलेल्या या बाईंचं म्हणणं असं, "ताजा राग निम्मा आपल्याच डोकेदुखीचा असतो, सर. दोन दिवस ठेवला की मुलाच्या वाट्याचा तेवढा उरतो." बरेचदा तेवढाही उरायचा नाही. एकानं मॉनिटरच्या डब्यात बेडूक ठेवला होता. गुरुवारी तो तेल लावून, भांग पाडून हजर झाला. "बेन, आजे तमे मने वढवानां छो." आज तुम्ही मला रागवणार आहात! बाई साफ विसरलेल्या. "शा माटे, बेटा?" आता कशासाठी रागवायचं, तेही त्या बिचाऱ्यानंच सांगायचं. सांगता सांगता तो बेडकाच्या बाजूनं रडायला लागला. एकदा तर करजणहून एका वडिलांचा फोन आला, घरात लग्न आहे, मुलाला रागावणं सोमवारवर ढकलता येईल का? बाईंनी ढकललं, वर लग्नाला आहेर पाठवला. घरीही हाच कायदा. त्यांचे यजमान मला म्हणाले होते, "मंगळवारी भाजी विसरलो, त्याची बोलणी शनिवारी. मधले दिवस जीव टांगणीला हो!"

मी गणिताचा. माझं रागावणं कढईतून थेट ताटात. मुलं घाबरायची आणि त्यालाच मी शिस्त समजायचो. हे लिहितानाही मान खाली जाते.

नववीत सावली गावाहून बसनं येणारी एक मुलगी होती. एका दुपारी मी फळ्यावर लिहीत असताना ती खुदकन हसली. माझ्या शर्टावर पाठीमागे कुणाचा तरी खडूचा पंजा उमटला होता, हे मला संध्याकाळी घरी कळलं. त्या क्षणी मात्र मी तिची वही फाडली आणि म्हणालो, "उद्यापासून येऊ नकोस." तिनं ते खरं मानलं. चार दिवस बाक रिकामा. पाचव्या दिवशी तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, घरचे म्हणताहेत, नाही तरी बसची दगदग, राहू दे आता शाळा.

मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन बाईंना सगळं सांगितलं. आता डायरी निघेल असं वाटलं. खरं सांगायचं तर, निघावी असंच वाटत होतं. बाई उठल्याच. "चला."

"आत्ता? गुरुवारी गेलो तर..."

"गुरुवारी? पोरगी शाळा सोडून बसलीय तिथे! साडेचारची बस आहे. आणि बसमध्ये मी तुम्हाला रागवणार आहे, तयारीत राहा."

सावली येईपर्यंत त्या रागावत होत्या. पुढच्या सीटवरचे एक काका मागे वळून मलाच म्हणाले, "बेन साचुं कहे छे, भाई." बाई खरं तेच बोलताहेत!

मुलगी ओसरीवर मेथी निवडत होती. वाटेत जुळवलेली वाक्यं मला एकही आठवेना. तिच्या आईवडिलांसमोर एवढंच म्हणालो, "बेटा, भूल मारी हती." चूक माझी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. बाईंना विचारलं, "तो काले आवुं?" उद्या येऊ?

"आव ने!" म्हणत बाई तिच्या शेजारी बसून मेथी निवडायला लागल्या.

ती आली. पुढे चांगल्या मार्कांनी पासही झाली. बाई आता निवृत्त झाल्या आहेत. पण नववीच्या त्या उरलेल्या वर्षात माझ्या तासाला ती मुलगी एकदाही हसली नाही. मी दहावीवर शिकवत असताना शेजारी नववीवर बाईंचा तास असला, की तिचं खळखळून हसणं भिंतीपलीकडून ऐकू यायचं. मी खडू हातात धरून, फळ्याकडे तोंड करून, थोडा वेळ तसाच उभा राहायचो.