छातीतलं कापड

राज्याची वाटणी व्हायची होती त्या वर्षी मला आठवा महिना लागला होता. नवरा सचिवालयात नोकरीला. आपण तेलंगणात राहणार की आंध्रात जाणार, एवढी एकच काळजी बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरात चालू असायची.

एका सकाळी कपडे वाळत घालताना माझ्या दोन्ही खांद्यांच्या मधे काहीतरी टर्रकन फाटल्यासारखं झालं. कळ पाठीतून खाली उतरत गेली. सासूबाईंनी ओवा दिला. गल्लीतल्या डॉक्टरांनी ॲसिडिटी सांगितली. शेजारणीने तर बाळ पाय मारतंय म्हणून माझं कौतुक केलं. इतकी खात्रीने बोलणारी माणसं त्या वर्षी शहरात फक्त टीव्हीवर होती.

दुपारी उजवा हात गार पडला तेव्हा नवऱ्याने ऑटो आणली. चिक्कडपल्लीत मोर्चा होता, म्हणून वळसा घालून मोठ्या दवाखान्यात पोचलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांचं ब्लडप्रेशर घेतलं. दोन हात, दोन वेगळे आकडे. मग मला अंगठा मुठीत दाबायला लावला. तो पलीकडून बाहेर आला. लहानपणी हेच करून मी भावंडांना हसवत असे. बाई हसल्या नाहीत. वडील कसे गेले, ते विचारलं. ते माझ्यासारखेच उंच, लांब हातांचे, बसस्टॉपवर अचानक कोसळले होते. आम्ही हार्ट अटॅक समजत आलो होतो; बाईंना वाटलं, वडिलांच्या अंगातलाच दोष माझ्यात उतरलाय.

आधी हृदयाची सोनोग्राफी झाली, मग स्कॅन. सर्जननी समजावलं: हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटलंय, रक्त थरांच्या मधे शिरतंय, बाहेरचा थर फुटला तर दोघंही हाती लागणार नाहीत. म्हणून आधी सिझेरियन, आणि लगेच छाती उघडून फाटलेल्या भागाच्या जागी कापडाची नळी शिवायची.

सासऱ्यांचा जन्म सुलतान बाजारात कापडाच्या दुकानात गेलेला. त्यांना एवढं एकच कळलं.

"कपडा कौनसा है, साब?"

"पॉलिस्टर."

आयुष्यभर गिऱ्हाइकांना पॉलिस्टर घेऊ नका म्हणून सांगणारा माणूस खाली बसला. सर्जन म्हणाले, "ये धोना नै पडता, चाचा."

मला आत नेताना मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, मला विचारल्याशिवाय बाळाचं नाव ठेवू नका."

ते बरं म्हणाले, आणि सगळ्यांच्या देखत रडायला लागले. सासूबाई बाकावर बसून बुद्धवंदना म्हणत राहिल्या.

शुद्धीवर आले तेव्हा घशात नळी होती. नर्स वाकून "पापा, पापा" म्हणत होती. तेलुगूत पापा म्हणजे लहान मुलगी, हे जन्मापासून ठाऊक. तरी मला वाटलं, ही माझा पापा घ्यायला आली आहे. मुलगी इवलीशी होती, काचेच्या पेटीत होती, पण श्वास स्वतःचा घेत होती.

मी वॉर्डात असतानाच राज्य वेगळं झालं. बाहेर फटाके वाजले. नवऱ्याला पुढे तेलंगणच मिळालं.

घरी आल्यावर चुलतसासूबाई भेटायला आल्या. आता दुसरं मूल होऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं त्यांना कळलं होतं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "एकच, आणि तीही मुलगी," म्हणाल्या.

सासूबाईंनी त्यांना चहा दिला. अजून घ्या, असं मात्र म्हणाल्या नाहीत.