डावा खांदा

पत्र्याच्या टाक्या बनवायच्या कारखान्यात त्याला सगळे ठोकेकाका म्हणायचे. एकतीस वर्षं पत्रा ठोकला. डाव्या अंगाला जोडीदाराचा घण पडायचा, त्यात डावा कान पार कामातून गेला. उजवा शाबूत होता, पण तोही सोयीनंच ऐकतो, असं त्याची बायको चारचौघांत सांगायची.

ती पलीकडच्या गल्लीत शिवणखान्यात कॉलर शिवायला जायची. दोघांची वेळ एक, वाट एक. रोज सकाळी मोटरसायकलवर मागं बसायची आणि कारखान्याच्या दारात उतरून पुढं चालत जायची. गाडीचा डावा आरसाही तिनंच मोडला होता, पिशवीचा बंद अडकवून. गाडी दुरुस्त करणारा मिस्त्री नवा बसवायला निघाला, तर म्हणाली, "कशाला उगीच? मी काय नुसतं ओझं म्हणून बसते मागं?"

तेव्हापासून आरशाचं काम तिच्याकडं. डावीकडून गाडी आली की त्याच्या डाव्या खांद्यावर दोन बोटांनी टकटक. तोंडानं सांगून उपयोग नव्हता, त्या बाजूला ऐकायला होतं कोण? खांदा गप्प म्हणजे रस्ता मोकळा. अठरा वर्षं हा कायदा चालला आणि कधी साधं खरचटलं नाही.

आठ महिन्यांपूर्वी तिच्या पोटात दुखायला लागलं. ती दुखणं अंगावर काढणारी बाई. दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टर जास्त बोलले नाहीत. तीन आठवड्यांत आटोपलं.

तेराव्या-चौदाव्या दिवशी तो कामावर हजर. आता प्रत्येक वळणावर मान पार मागं फिरवून बघायचा. मुकादम म्हणायचा, "काका, कोंबड्यासारखी मान काय फिरवता? मुरगळली तर आम्हालाच तेल चोळावं लागेल." मिस्त्रीनं तीनदा आरशाचं विचारलं. तिन्ही वेळा "बघू" म्हणून यानं किक मारली. आरसा बसवला की एक गोष्ट कायमची ठरून गेली, असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. ते बोलून दाखवायची त्याची रीत नव्हती.

त्या दिवशी मात्र मान फिरलीच नाही. आदल्या संध्याकाळी नातीचा पहिला दात पडला होता. लेक चार घरं सोडूनच राहायची, त्यामुळे पोरगी तो दात मुठीत धरून पळत आली होती आजोबांना दाखवायला. ही बातमी बायकोला सांगायचीच होती. सिग्नल सुटला आणि तो मागं तोंड न वळवता सांगायला लागला, रोज सांगायचा तसाच, वाऱ्यावर मोठ्यानं. दात केवढा, पोरगी रडली कशी, मग हसली कशी. सांगता सांगता कारखान्याची गल्ली आली. खांदा गप्प होता. त्यानं हँडल डावीकडं घेतलं.

बर्फाचा टेम्पो होता. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून नुसता घासून गेला. गाडी आडवी, हा कडेच्या मातीत. कोपर सोललं, फूटरेस्ट वाकली. पण पडल्या पडल्या तो ओरडला, "आधी हिला बघा. हिला लागलं का?"

"कुणाला?"

"बायको मागं होती माझी."

टेम्पोवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो गुडघ्यावर बसला, टेम्पोखाली वाकून बघितलं. मागं धावला, पलीकडच्या गटारात डोकावला. बर्फाच्या लाद्यांचं पाणी गळून रस्त्यावर ओघळ आला होता, त्यातच तो पुन्हा आडवा झाला आणि चाकांमागं हात घालून चाचपू लागला. तोवर कारखान्यातली माणसं बाहेर आली. मुकादमानं टेम्पोवाल्याला दंडाला धरून उठवला आणि बाजूला नेऊन दोन वाक्यं सांगितली.

टेम्पोवाला भिजल्या कपड्यांनी परत आला. शिव्या घालेल असं वाटलं होतं. त्यानं मोटरसायकल उभी केली, हँडलची माती पुसली आणि म्हणाला, "काका, खाली कुणी नाही. मी नीट बघितलं."

"हो," ठोकेकाका म्हणाला. "माझीच चूक."

संध्याकाळी लेक आली ती उंबऱ्यातच हात पुढं करून.

"चावी द्या."

"फूटरेस्ट वाकलीय फक्त."

"फूटरेस्टचं मला काय सांगता, बाबा? तुम्ही आईला शोधायला लावलंत परक्या माणसाला. अख्ख्या गल्लीत झालंय."

तो कोपराच्या पट्टीशी चाळा करत बसला. "बसनं दोन गाड्या बदलाव्या लागतात," म्हणाला. "आणि बसमध्ये बोलायचं कुणाशी?"

लेक जमिनीवरच बसली. तिनं नाक पुसलं. "ठीक आहे. उद्या मी येते मिस्त्रीकडं. आरसा बसला तर गाडी तुमची. नाही बसला तर चावी माझी."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं काही विचारलं नाही. आरसा लावला, याला सीटवर बसवलं आणि काच थोडी आत वळवली.

"काय दिसतं?"

"कोपर. मागचा रस्ता."

"अजून?"

"अजून काही नाही."

"मग बरोबर बसलाय," मिस्त्री म्हणाला आणि पान्यानं नट आवळला.

लेक मागं बसायला आली. म्हणाली, "चला, बघू दे तरी कशी चालवता."

"बस. पण खांद्याला हात लावू नको."

ती दोन्ही हातांनी मागची दांडी धरून बसली. गल्लीच्या तोंडाशी त्यानं आरशात बघितलं. डावीकडून एक सायकलवाला येत होता. तो पुढं जाईपर्यंत हा थांबला, मग वळला.