हिरड्याच्या साड्या आणि गच्चीवरची काळी धूळ

आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, पांढरा कपडा ऊन कलण्याआधी घरात येतो. हा नियम कोणी लिहून दिलेला नाही, तरी तो मोडणारे घर मला ठाऊक नाही. रायपूरच्या या टोकाला, रुळांच्या पलीकडे, लोखंडाचे कारखाने आहेत, आणि संध्याकाळ झाली की त्यांच्या धुराड्यांतली काळी धूळ गच्च्यांवर उतरू लागते. सकाळी अनवाणी वर गेलेल्याचे तळवे काळे होतात. विहारात नेसून जायच्या पांढऱ्या साड्या आमच्याकडे खोलीत दोरी बांधून वाळवतात. रंगीत कपडा मात्र रात्रभर बाहेर राहिला तरी कोणी हरकत घेत नाही. सकाळी झटकला की काम भागते.

या धुळीविषयी मी जितके लिहिले, तितके या शहरात दुसऱ्या कोणी लिहिले नसावे. मी अर्जनवीस आहे. कचेरीच्या कुंपणाबाहेर, कडुनिंबाच्या सावलीत माझी टेबलखुर्ची असते. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण मला लोकांच्या अडचणींनी दिले, आणि ते कोणत्याही महाविद्यालयापेक्षा कमी प्रतीचे होते असे मी मानत नाही. पेन्शन, नामांतरण, शेजाऱ्याची भिंत, हरवलेली गुणपत्रिका, यांवरचा माझा मजकूर तरुण वकीलही मान खाली घालून वाचतात. धंद्याची भाषा हिंदी. मनातले लिहायचे झाले की मी वडिलांनी विदर्भातून सोबत आणलेल्या मराठीकडे वळतो, आणि ती कडक इस्त्रीची असावी असा माझा आग्रह असतो.

धुळीवरच्या माझ्या सगळ्या अर्जांना एकच उत्तर येत असे: ठोस प्रमाण संलग्न करें, म्हणजे पक्का पुरावा जोडा. एकदा मी धूळच कागदाच्या पुडीत बांधून नेली. खिडकीतल्या बाबूने पुडी उघडली, हुंगली आणि परत केली.

"चाचा, ये तो चूल्हे की राख भी हो सकती है."

उत्तर नसणे ही अवस्था मला मानवत नाही. अशा वेळी मी बसू शकत नाही. खोलीत, गच्चीवर, जिन्यात फिरत राहतो.

अशाच एका हिवाळ्यात आमची मुलगी नागपूरहून कपड्यांच्या डिझाइनचे शिक्षण संपवून परतली. शिक्षण तिचे, परंतु भांडी आमची वापरात आली. न्हाणीत पातेली, जिन्यात पोती. तिचे म्हणणे असे की, ज्या रंगाचे पाणी नाल्यात सोडता येत नाही तो रंग अंगावर घालू नये, आणि जो कपडा दोन वर्षांत फेकावा लागतो तो शिवूच नये. म्हणणे मला पटले होते. वासाबद्दल तसे म्हणता येणार नाही. बस्तरहून तिने आल नावाच्या झाडाच्या मुळ्या मागवल्या होत्या, त्यांतून तांबडा रंग निघतो. हिरडे, तिच्या भाषेत हर्रा, फोडून ठेवले होते. पुरानी बस्तीतल्या मंदिरांतून उतरवलेल्या झेंडूच्या माळा ती पोत्याने आणी, पिवळ्यासाठी.

"आपण विहारात जाणारी माणसं," माझी पत्नी कपाळाला हात लावून म्हणे, "अन् ह्या पोट्टीनं साऱ्या देवाईचे हार घरात आणून टाकले!"

"मम्मी, फूल का कौन सा धरम होता है?"

"फुलाचा नाही, पण शेजारणीचा असते न! मले इचारून राहिल्या, पूजा कवापासून सुरू केली म्हणून."

मुलगी मराठी सगळी समजते. उत्तर बहुधा हिंदीत देते. या बाबतीत मी पुष्कळ बोललो आहे, उपयोग झालेला नाही.

त्याच सुमारास नवा रायपुरातल्या एका संस्थेने असे काम करणाऱ्या मुलींकडून अर्ज मागवले. निवड झालेल्यांना वर्षभर काम करायला जागा मिळणार होती, रंगाच्या भट्ट्या, पाणी, आणि तयार माल मांडायला दालन. दुसरीकडे सुरतेच्या एका कारखान्याचे बोलावणे येऊन पडले होते: दिवसभर संगणकासमोर बसून कृत्रिम धाग्याच्या साड्यांवरची फुले काढायची. मुलीने आईला शब्द दिला होता. नवा रायपुरात नाही जमले, तर ती पातेली घासून आईच्या स्वाधीन करील आणि सुरतेला जाईल. आईने तिकीटही काढवून घेतले होते. तिच्या दृष्टीने पक्की नोकरी ती पक्की नोकरी, आणि चूक तिची नव्हती. पातेली तिची होती.

संस्थेचा अर्ज अर्थातच मी लिहिला. 'आल की जड़ का गहरा लाल रंग' हे शब्द माझेच.

संस्थेला दाखवायचा हातमागाच्या सुती साड्यांचा एक संच होता. आलाचा तांबडा कापडाने धरून ठेवावा म्हणून आधी कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवतात आणि न धुता उन्हात वाळवतात. त्याने कापडाला फिकट, पिवळसर रंग येतो. त्या दिवशी दुपारी तिने साड्या गच्चीवर वाळत घातल्या. ऊन कलू लागले तेव्हा मी रोजच्याप्रमाणे वर गेलो, माझे पांढरे सदरे खांद्यावर टाकले आणि कठड्यावरून खाली आवाज दिला, "ह्या साड्या?"

"रहने दो पप्पा, रंगीन हैं. अभी गीली हैं."

ती याच पाऱ्यात वाढलेली. पाऱ्याचा नियम तिच्याही अंगात मुरलेला होता. पांढरे आत, रंगीत बाहेर. मी सदरे घेऊन खाली आलो.

रात्री दव पडले. सकाळी पत्नी वर गेली आणि तिने मला हाक मारली ती अशा आवाजात की मी दाढीचा साबण तोंडावर घेऊनच जिना चढलो. सगळ्या साड्यांवर काळे ठिपके पडले होते. मोहरी उधळल्यासारखे, एक वीतही जागा सुटलेली नव्हती. मुलीने साडी झटकली. ठिपके हलले नाहीत. ओल्या बोटाने एक ठिपका पुसायला गेली, तर त्याला शेपूट फुटली.

"धुऊन टाक न," पत्नी म्हणाली.

"नहीं जाएगा, मम्मी." ती साडीकडे बघत बोलत होती. "हर्रे में लोहा लगा कि काला बनता है. पक्का काला. हम लोग काला ऐसे ही बनाते हैं. ये धूल लोहे की है. ओस में भीगी, और हर्रे ने पकड़ लिया."

हे ऐकताच माझ्या डोक्यात जे झाले त्याचे वर्णन मला नीट करता येणार नाही. मी तसाच खाली धावलो. पलीकडच्या घरी अजून चूल पेटते. त्यांच्याकडून मूठभर राख आणली, साडीचा एक कोपरा ओला करून त्यावर टाकली, थांबलो, पुसली. कोपरा मळकट झाला, काळा झाला नाही.

"राख नाही!" मी ओरडलो. "पाहा, राखेचा डाग काळा पडत नाही! ही राख नाहीच!"

मुलगी जिन्याच्या पायरीवर गुडघ्यांत डोके घालून बसली होती.

"पोट्टीचा सत्यानाश झाला अन् हे नाचून राहिले," पत्नी म्हणाली.

तासाभराने मुलीने डोके वर केले तेव्हा तिचे ठरले होते. नवे कापड विणून यायला वेळ नव्हता. ठिपके झाकू शकेल असा रंग एकच, तो म्हणजे ठिपक्यांचाच. सगळ्या साड्या लोखंडाच्या पाण्यात बुडवून काळ्या करायच्या.

न्हाणीमागे तिचे एक मडके होते. माझे वडील रेल्वेत होते. त्यांच्या वेळचे गंजके खिळे आणि नटबोल्ट घरात एका डब्यात पडून होते. तिने ते मडक्यात घालून, गूळ आणि पाणी ओतून आंबत ठेवले होते. काठाच्या बारीक रेघांपुरता काळा रंग तिला त्यातून हवा होता. आता सगळेच मडके लागणार होते.

"एक साडी राहू दे," मी म्हणालो. "तशीच. ठिपक्यांसकट."

"किसलिए?"

"संलग्न करण्यासाठी."

तिने माझ्याकडे पाहिले. "पप्पा, ये सेट है. एक कम हुई तो सेट ही नहीं रहेगा."

"अगं, इतकी वर्षे मला हेच मागून राहिले ते लोक. प्रमाण! आज ते दोरीवर टांगलेलं आहे."

"आपके पास अगली बार भी होगा. मेरे पास यही एक बार है."

गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत राहिलो. मनात अर्जाचे पहिले वाक्य तयार झाले होते, दुसरेही. असे प्रमाण एखाद्याच्या हाती आयुष्यात एकदा लागते, आणि माझ्या हाती ते माझ्या मुलीच्या साडीवर लागले होते. वाऱ्याने साड्या हलत होत्या आणि ठिपके माझ्याकडे बघत असल्यासारखे वाटत होते.

"काहून मांजरावानी फिरून राहिले?" पत्नी जिन्यातून म्हणाली. "बसा न एका जागी! नाहीतर चुप्प जाऊन तिले हातभार लावा. एकटी मडकं उचलून राहिली ते."

मी खाली डोकावलो. मुलगी मडके ओढत होती. ते हलत नव्हते, आणि ती हाक मारत नव्हती. सुरतेला गेल्यावरही ही अशीच हाक मारणार नाही, असे मला वाटून गेले. मी दोरीवरच्या साड्या एकेक काढल्या, सगळ्या, आणि खाली घेऊन गेलो.

त्या दिवशी मी कचेरीत गेलो नाही. मडक्यातल्या पाण्याला जुन्या लोखंडाचा आणि आंबलेल्या गुळाचा वास होता. साडी पाण्यात जाताच राखाडी झाली, बाहेर काढून हवेत धरली की डोळ्यांदेखत गडद होत गेली. भिजलेल्या पाटीचा असतो तसा काळा. एक टोक मी धरले, एक तिने. पिळताना माझ्या दोन्ही हातांची नखे आणि बोटांच्या रेघा काळ्या झाल्या, त्या पुढे कित्येक दिवस निघाल्या नाहीत. गिऱ्हाइके विचारत, "बाबूजी, पेन लीक हो गया क्या?" मी हो म्हणत असे. पूर्ण हकिगत सांगायला अर्जदारांजवळ वेळ नसतो.

दुसरी चिंता मला रात्रंदिवस होती. अर्जात लाल लिहिले होते आणि वस्तू काळी होती. माझ्या कारकिर्दीत अर्ज आणि संलग्नक यांत असा विरोध कधी आला नव्हता. मी एक शुद्धिपत्र तयार केले, फार संयमित भाषेत. मुलीने ते वाचून त्याची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवले.

"दाखवशील न?" मी विचारले.

"कपड़ा दिखाऊँगी."

नवा रायपुरातले रस्ते इतके रुंद आहेत की माणूस पायी निघाला तर पोचल्यासारखे वाटतच नाही. बस उशिरा आली. संस्थेत मुलींना आत बोलावत होते. सोबत आलेल्यांना दाराशी बाके होती. मी बाकावर बसलो नाही. दार अर्धे उघडे होते आणि मी त्याच्यासमोरून ये-जा करत होतो.

निवड करणाऱ्या बाई पुण्याकडून नव्यानेच नोकरीवर आलेल्या होत्या. आमचे आडनाव ऐकून त्या मराठीत बोलू लागल्या. साडीचा पदर त्यांनी उजेडात तिरका धरला.

"अर्जात तर लाल रंग लिहिलाय. हे काळं कसं काय?"

"लाल ही करना था, मॅडम. हर्रा करके रात को छत पे छोड़ दिया. हमारे तरफ लोहे की धूल गिरती है. सबपे दाग आ गए."

"म्हणजे तुम्ही चूक झाकलीत?"

मी दारासमोर थांबलो. शुद्धिपत्रात मी 'चूक' हा शब्द कटाक्षाने टाळला होता.

"हव मॅडम," मुलगी मराठीत म्हणाली. "झाकली."

बाईंनी पदर आणखी तिरका केला. काळ्यात अधिक काळे बारीक ठिपके तिथे दिसत असणार. ते मलाही दिसले होते. "आणि हाच काळा पुन्हा करून दाखवता येईल?"

"खिळ्यांच्या पाण्यातून येईल. छत से नहीं लेंगे अब."

"गच्चीवरचाही रोज येतो मॅडम!" माझ्या तोंडून दारातून निघून गेले. "हवा तितका!"

आतली मंडळी हसली. एका शिपायाने येऊन मला अत्यंत नम्रपणे बाकावर बसवले. मुलीने मान वळवली नाही, पण तिचे कान लाल झालेले मी ओळखले.

परतीच्या बसमध्ये ती माझ्यापासून दोन सीट पुढे बसली. नंतरच्या दिवसांत घरातल्या फोनची घंटा वाजली की मी उठून उभा राहत असे. फोन आला तेव्हा ती पातेले घासत होती, आईला द्यायचे म्हणून की काय कोण जाणे. ओल्या हाताने तिने ऐकले, "जी, जी" म्हणाली आणि आईकडे वळली.

"हो गया, मम्मी."

पत्नी म्हणाली, "मंग ते सुरतेचं तिकीट कॅन्सल करा न पहिले! उभे काय राहिले?" आणि पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. पातेले तिने मागितले नाही.

आता मुलगी रोज बसने नवा रायपूरला जाते. एका रविवारी तिने माझ्या टेबलावर पिवळसर कापडाच्या पट्ट्यांची एक जुडी ठेवली. उरलेल्या चिंध्या, हिरड्यात भिजवून वाळवलेल्या.

"लो पप्पा, आपका प्रमाण. उस दिन दिमाग में ही नहीं आया. जितना चाहिए उतना टाँगो."

मी एक पट्टी गच्चीवर बांधली. सकाळी ती अपेक्षेप्रमाणे ठिपक्यांनी भरली होती. सोबत राख लावलेली एक, आणि खोलीत ठेवलेली एक स्वच्छ, अशा तीन पट्ट्या अर्जाला टाचून मी त्याच खिडकीवर गेलो.

"कपड़ा?" बाबू म्हणाला. "चाचा, कपड़ा आवक में कैसे चढ़ाऊँ?"

"संलग्नक है. छू के देखिए, ये राख नहीं है."

त्याने हात पुढे केला नाही, पण पट्ट्या परतही केल्या नाहीत. अर्ज आत गेला आहे. उत्तर आलेले नाही. नव्या पट्ट्यांसह मी दुसरा अर्ज दिला, आणि तिसऱ्याचा मजकूर तयार आहे; पहिल्या दोहोंपेक्षा तो सरस उतरला आहे.

ऊन कलले की मी वर जातो, पांढरे कपडे खांद्यावर घेतो आणि पट्टी दोरीला बांधतो. पत्नी खालून विचारते, "सारं आणलं का?"

"हव," मी म्हणतो, अर्धा जिना उतरतो आणि गाठ पक्की बसली की नाही हे पाहायला पुन्हा वर जातो.