गुडघ्याएवढी रेघ

सन १९२४, आषाढ: वर्गाच्या भिंतीवर मापाच्या रेघा ओढविल्या, जबाबदार, तपासनीस. त्याच वर्षी श्रावणात: रेघेप्रमाणे मुलांच्या बैठका बदलल्या, जबाबदार, मुख्याध्यापक. सन १९२५, फाल्गुन: माझ्या धाकट्या भावास गणितास अपात्र ठरवून शाळेतून कमी केले, जबाबदार, दोघेही.

मी तेव्हा धुळ्यात एका वकिलांकडे कारकून होतो. भाऊ शिक्षणासाठी माझ्या खोलीवर राही. दिवेलागणीस तो पावकी-निमकीचे पाढे म्हणू लागला की शेजारचा वाणी तराजू थांबवून ऐके.

तपासनीस नव्या विचारांचे. मुलगा गणितात स्वतःस केवढा समजतो, हेही मोजले पाहिजे, असे त्यांचे मत. प्रत्येकाच्या हाती कोळसा देऊन त्यांनी सांगितले: गणितात तू जेवढा उंच, तेवढ्यावर रेघ ओढ.

मुले बहुतेक शेतकऱ्यांची. आमच्याकडे उभ्या पिकास कोणी चांगले म्हणत नाही, दृष्ट लागते. कणीस कितीही भरो, विचारणाऱ्यास सांगायचे, "बरं शे." त्या रीतीस धरून मुलांनी वाकून रेघा ओढल्या. भावाची गुडघ्याएवढी. घरी येऊन हसत म्हणाला, आपण पिकासारखंच सांगून आलो. तपासनिसांनी मात्र ती रीत साक्ष म्हणून नोंदवली, आणि खालच्या रेघांची मुले मागे, त्या भिंतीशीच बसवली गेली.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी भाऊ निमकी म्हणता म्हणता थांबला. मी पुढचा आकडा सांगितला. तो समोरच्या भिंतीकडे, गुडघ्याच्या उंचीवर, पाहत होता. तेथे काहीही नव्हते.

"भाऊ, माले येस नही." मला येत नाही, असे तो मला सांगत होता.

दुसऱ्या दिवशी तपासनीस पुन्हा यायचे होते, म्हणून मी वर्गाच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. ते प्रश्न विचारीत, मागची मुले एकेक उठत आणि तेच शब्द, त्याच सपाट आवाजात, उच्चारून खाली बसत. कोणी लाजले नाही. एकच कोणी सर्वांच्या तोंडून बोलत असावे, तसे ते होते. तपासनिसांनी समाधानाने मान डोलावली. त्यांचे माप बरोबर निघाले होते.

भाऊ आज अमळनेरास कापसाच्या गाठी वाहतो. वाहिलेल्या गाठी दुसऱ्याकडून मोजवून घेतो.

त्या भिंतीस दरवर्षी चुना लागतो. ओल धरली की कोळसा वर येतो, यात नवल नाही. गेल्या पावसाळ्यात मी ती भिंत पाहून आलो. भावाची रेघ आता घोट्याशी आहे. जमीन भर घालून वर घेतली, असे शिपाई म्हणतो. असेल. पण त्या रेघांची हकीकत ठाऊक नसलेली आजची मुलेही त्या भिंतीशी बसली की माना खाली घालतात, हे मी शपथेवर सांगतो.

तपासनीस निवृत्त होऊन देवपुरात राहतात. माझ्या एकाही पत्रास त्यांनी उत्तर दिलेले नाही. म्हणून येथे विचारतो: मुलाचे सौजन्य ही त्याची कबुली ठरवून, त्या कबुलीवर त्यास जन्माची शिक्षा देण्याचा अधिकार आपणास कोणत्या कायद्याने दिला? उत्तर टपालाने नको. त्या भिंतीपुढे उभे राहून, चारचौघांत द्यावे.