बसल्या मापाचा वाफा

आमच्या शेजारच्या टेलरबाई माणसाकडे आधी मापाने बघतात. दारात भेटल्या की "बरे आहात ना सर?" विचारण्याआधी त्यांची नजर आपल्या खांद्यांवरून फिरून येते. मग म्हणतात, "डावा खांदा उतरलाय हं. पिशवी हात बदलून धरत चला." ओठांत टाचण्या धरूनही त्या हे इतकं स्पष्ट बोलतात की ऐकावंच लागतं.

त्या घरात दोघीच राहतात, टेलरबाई आणि त्यांच्या थोरल्या जाऊबाई. शिवण थोरलीनंच शिकवलेलं. मागच्या अंगणात हिरवळ होती. म्हणजे हिरवळ नावालाच, मधोमध चांगलं टक्कल पडलं होतं. त्या टकलावरच्या चिखलात थोरली घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, डॉक्टरांनी काठी घेऊन चालायला सांगितलं. पण थोरली काही खोलीबाहेर येईना. जेवणही तिथंच, अंगणाकडच्या खिडकीजवळच्या खुर्चीत. आग्रह केला की म्हणायची, "परत पडले तर तुलाच उचलावं लागेल. त्यापेक्षा आहे ते बरं आहे."

ही आता त्या खुर्चीतून उठायचीच नाही, या धास्तीनं टेलरबाईंचं जेवण कमी झालं. एक दिवस कुंपणाशी येऊन मला म्हणाल्या, "जिथं पडल्या ना, ती जागाच ठेवत नाही."

गवंडी आला, हिरवळ उकरली गेली. पाय घसरू नये अशी खरखरीत फरशी बसली. हात टेकायला कठडा असलेला बाक आला, आणि बाकासमोर विटांचे उंच वाफे बांधायचे ठरले. बसल्या बसल्या हात मातीत जायला हवा, असे.

"उंची किती ठेवू?" गवंड्यानं विचारलं.

"थांबा, माप घेऊन येते."

आत जाऊन त्यांनी गळ्यातली टेप काढली. "जाऊबाई, नवा गाऊन शिवतेय तुम्हाला. बसून राहा, उठू नका." आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावली.

"गाऊनला हे कसलं माप गं?"

"नवी फॅशन आहे."

"मी जन्मभर बसूनच राहणार असं धरून शिवतेस वाटतं?" थोरली म्हणाली. टेलरबाई टेप गुंडाळून बाहेर आल्या.

वाफे झाले, माती भरली. टेलरबाई बाकावर बसून टोमॅटोची रोपं लावायला लागल्या, तोच खिडकीतून आवाज आला.

"अगं, खांदे कानाला लागलेत तुझे! उंच झालंय ते!"

"छे हो, मापात आहे."

"कुणाच्या मापात?"

टेलरबाई रोपाभोवतीची माती दाबत राहिल्या. थोरलीच्या ध्यानात आलं. "म्हणजे तो गाऊन..." आणि मग अगदी वर्ग घेतल्यासारखं, "मापावर किती जास्त सोडलंस?"

"थोडं मोकळं सोडलं. दोन विटा."

"मोकळं? विटांना? अगं, कापड आहे का ते, धुतल्यावर आटायला? थांब, तुला काही समजायचं नाही."

काठी आपटत थोरली दारात आली. टेलरबाई उठल्या, पण हात द्यायला पुढे गेल्या नाहीत. मला दिसत होतं, त्यांनी दोन्ही मुठी घट्ट आवळल्या होत्या. फरशीच्या कडेशी थोरली थबकली. काठीनं फरशी दोनदा ठोकून पाहिली, एक पाय ठेवला, मग दुसरा. बाकाचा कठडा धरून बसली आणि वाफ्यावर हात ठेवले. खांदे खरंच कानाशी गेले.

"बघ. दिसतंय?"

"दिसतंय. चुकलं माझं," टेलरबाई म्हणाल्या. मापाच्या बाबतीत त्यांनी असं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"गवंड्याला बोलाव उद्या. आणि मला विचारल्याशिवाय एक वीट काढू देऊ नकोस. मी इथं असेन."

दुसऱ्या दिवशी गवंडी आला तेव्हा थोरली बाकावर येऊन बसलीच होती. वरच्या विटा निघाल्या, माती सारखी झाली. तिनं कोपरं टेकून पाहिली, पहिलं रोप खोचलं, बोटांनी माती दाबली आणि वळून न बघता टेलरबाईंकडे हात केला.

"दे पुढचं."