तोडफोडबाईंचं खोटं कॉलेज

कॉलेजात चोरी शिकवणाऱ्या एक बाई होत्या आणि त्याबद्दल त्यांना रीतसर पगारही मिळायचा. वेळापत्रकात विषयाचं नाव ‘माहिती सुरक्षा’ असं सोज्वळ होतं. पण तासाला पोरं करायची काय? तर संगणकांची कुलपं फोडायची. म्हणून शिक्षकांच्या खोलीत सगळे त्यांना तोडफोडबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि बाईही खुशाल ओ द्यायच्या.

बाईंचं म्हणणं सरळ होतं. कुलूप कसं फुटतं हे ज्याला ठाऊक नाही, त्याने ते कसं लावावं हे इतरांना शिकवू नये. पण पोरांना फोडायला द्यायचं काय? खऱ्या संगणकाला हात लावला तर दारात पोलीस. म्हणून बाई व्हर्च्युअल मशीन वापरायच्या. म्हणजे एका संगणकाच्या पोटात नुसत्या प्रोग्रॅमने उभा केलेला दुसरा संगणक. त्याला ना डबा, ना वायर, पण वागतो अगदी खऱ्यासारखा. त्यात व्हायरस सोडा, फायली उडवा, पार चोळामोळा करा. बाहेरच्या यंत्राला झळ नाही. आणि त्याची जशीच्या तशी प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, आधीच काढून ठेवली असेल तर एक बटण दाबायचं. गडी होता तसा, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुन्हा हजर.

हे प्राचार्यांच्या डोक्यात कधी शिरलं नाही. बाईंच्या नवऱ्याच्या डोक्यात मात्र एका फटक्यात शिरलं. ते ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे आणि रोज परक्या माणसांच्या हाती जीव देऊन शेजारी बसायचे.

“म्हणजे आमचं सरावाचं मैदानच की,” ते म्हणाले होते. “शिकाऊने पिंप पाडलं तर पिंप उभं करता येतं. माणूस पाडला तर नाही.”

बाईंची लॅब तळमजल्यावर, स्वच्छतागृहाला खेटून. खुर्च्यांच्या पाठी निघालेल्या, कीबोर्डांवरची अक्षरं पुसलेली, आणि दार बंद करायचं तर लाथ घालावी लागे. दुनियेला सुरक्षा शिकवणाऱ्या खोलीच्या दाराला कडी नव्हती. बाईंनी कडीसाठी तीन अर्ज केले, मग नाद सोडला.

तर या खोलीत, एका व्हर्च्युअल मशीनच्या पोटात, बाईंनी अख्खं खोटं कॉलेज वसवलं होतं. रिकाम्या घरात घरफोडी शिकवण्यात काय राम? घरात माणसं हवीत, त्यांचे हेवेदावे हवेत. म्हणून बाईंनी खोटा हेडक्लार्क केला, खोटी ग्रंथपाल केली, आणि पंखा कोणाच्या डोक्यावर लागावा यावरून दोघांत ईमेलचं महायुद्ध लावून दिलं. रात्रीच्या जेवणात नवरा हेडक्लार्कची उत्तरं सुचवायचा आणि बाई हसता हसता ठसका लागून पाणी प्यायच्या. पोरं कुलपं फोडून ती पत्रं वाचायची. पुढे काय झालं हे कळायला पुढचं कुलूप फोडावं लागे, त्यामुळे हजेरी अशी भरगच्च की गणिताच्या सरांच्या पोटात दुखायचं.

प्रत्येक पात्राला बाईंनी त्याच्या स्वभावाला साजेसा कच्चा पासवर्ड दिला होता. हेडक्लार्कचा ‘खुर्ची१’, ग्रंथपालचा ‘शांतता’. खोट्या प्राचार्यांचा कोणता? इथे बाईंना मोह आवरला नाही.

खरे प्राचार्य म्हणजे इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून खुर्चीत अर्धेच टेकणारे गृहस्थ. नाकाने कांदे सोलायचे. त्यांच्यासमोर शिपाईसुद्धा श्वास मोजून घ्यायचा. पण त्यांच्या मोबाइलचा स्पीकर कायम चालू असायचा, आणि हे त्यांना माहीतच नव्हतं. रोज दुपारी एकला त्यांच्या म्हाताऱ्या आईचा फोन यायचा आणि बंद केबिनमधून खणखणीत आवाज थेट जिन्यापर्यंत पोचायचा.

“ढब्ब्या, जेवलास का रे?”

“आई, मी मीटिंगमध्ये आहे.”

“मीटिंग खाऊन पोट भरतं का मेल्या?”

व्हरांड्यात माणसं तोंडात रुमाल कोंबून उभी असायची. सांगायची हिंमत कोणाची? बाईंनी खोट्या प्राचार्यांचा पासवर्ड ठेवला ‘ढब्ब्या’. पोरांनी तो फोडला त्या दिवशी लॅबमध्ये बाकं बडवली गेली.

मग एके दिवशी ती म्हातारी गेली. एकचा फोन यायचा बंद झाला. प्राचार्य चौथ्या दिवशी कामावर आले, तशीच कडक इस्त्री, तसंच अर्धं टेकणं. एक वाजला तेव्हा व्हरांड्यात सगळे उगीचच हळू चालले. बाईंना स्वतःची लाज वाटली. त्यांनी तडक लॅबमध्ये जाऊन तो पासवर्ड बदलला, ‘कार्यालय’ असा पुळचट काहीतरी ठेवला आणि मशीनची नवी प्रत काढली. जुनी प्रत मात्र पुसली नाही. सुरक्षेच्या माणसांना ही खोडच असते, कुठलीही प्रत फेकवत नाही.

दोन महिन्यांनी बाईंवर संक्रांत आली. प्राचार्य आणि बाहेरचे दोन सदस्य अशी समिती बसली. हा विषय ठेवायचा, की लॅबमध्ये मोडकं फर्निचर भरून बाईंना पहिल्या वर्षाला टायपिंग शिकवायला पाठवायचं, याचा निकाल व्हायचा होता. ‘चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या’ असं प्राचार्यांनी आपलं मत आधीच ऐकवून ठेवलं होतं. बाईंनी या विषयात उमेदीची सगळी वर्षं घातली होती. पोरांना समासाची रुंदी शिकवण्यापेक्षा नवऱ्याच्या गाडीत मागे बसून शिकाऊंचे धक्के खाल्लेले बरे, असं त्या म्हणाल्या.

प्रात्यक्षिकाच्या सकाळी बाई समितीच्या स्वागताला फाटकापाशी होत्या. लॅबमध्ये त्यांची सर्वांत हुशार आणि सर्वांत उतावळी विद्यार्थिनी रंगीत तालीम करत होती. पोरं तिला ‘घाई’ म्हणायची. तिने एक वार जादा केला आणि मशीन आडवं पडलं. घाईने घाईघाईत यादीतली हाताला लागेल ती प्रत चालू केली.

“मॅडम, पडलं होतं, पण उठवलं!” तिने दारातच सांगितलं. कुठल्या प्रतीवरून, हे बाईंनी विचारलं नाही. त्या सदस्यांना पाठ असलेली खुर्ची शोधत होत्या.

घाईने काम झकास केलं. खोट्या कॉलेजचं एकेक दार उघडत गेलं, सदस्य खुर्चीत पुढे सरकले, आणि शेवटी फोडलेले सगळे पासवर्ड भिंतीवर मोठ्या अक्षरांत आले. एका सदस्यांनी हौसेने मोठ्याने वाचायला घेतले.

“हेडक्लार्क, खुर्ची एक. वा! ग्रंथपाल, शांतता. प्राचार्य, ढब्ब्या. हा ढब्ब्या कोण बुवा?”

एकही पोर हसलं नाही. प्राचार्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते उठले, म्हणाले, “मॅडम, केबिनमध्ये या,” आणि दार ओढायला गेले. ते अर्थातच लागलं नाही.

केबिनमध्ये ते उभेच राहिले.

“माझ्या खात्यात कधीपासून शिरताय?”

“तुमच्या? सर, ते खोटं कॉलेज आहे. ते प्राचार्य...” बाई थांबल्या. “म्हणजे तुमचा खराही तोच आहे?”

फिर्यादीने आपणहून किल्ली टेबलावर ठेवली होती. पण हसण्याची सोय नव्हती.

“ते नाव फक्त माझी आई घ्यायची,” प्राचार्य म्हणाले. “घराबाहेर कुणाला माहीत नाही. तुम्ही चोरी केलीत. मी तक्रार करणार. विषय तर बंदच, तुमची नोकरीही राहत नाही.”

योगायोग म्हणून वेळ मारून नेता आली असती. बाईंनी खरं तेच सांगितलं.

“सर, तुमचा फोन स्पीकरवर असायचा. पहिल्यापासून.”

“कोणी ऐकलं?”

“सगळ्यांनी. जिन्यापर्यंत यायचा आवाज.”

“मीटिंग खाऊन पोट भरतं का... तेही?”

“तेही. मी चेष्टा केली, सर. चुकलं माझं. त्या गेल्या तेव्हा मी ते काढून टाकलं होतं. आज चुकून जुनी प्रत चालू झाली.”

“जुनी म्हणजे?”

“त्या होत्या तेव्हाची.”

प्राचार्य खुर्चीत बसले. पहिल्यांदाच पुरते टेकून बसले. मग त्यांनी विचारलं, “हसायचे सगळे?”

“हो. आणि मग डबे उघडायचे. तुमच्या आईंनी ‘जेवलास का’ विचारलं की आम्हालाही भूक लागायची. आता कोणी वेळेवर जेवत नाही.”

त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला. मग समितीचा कागद पुढे ओढला, ‘चालू ठेवावा’ लिहिलं, सही केली.

“शिकवा. कुलूप कुठून उघडतं ते आज मला समजलं. पण तुमच्या त्या प्राचार्याला आजच्या आज बडतर्फ करा.”

“करते, सर. आणि तुमचा पासवर्डही आत्ता बदलायला हवा. भिंतीवर सगळ्यांनी वाचलाय.”

“नाही.”

“सर, तो राहिला तर कोणीही...”

“दिवसातून चार-पाचदा टाइप करतो मी,” ते म्हणाले. “आता ते नाव दुसरं कुणी घेत नाही.”

असल्या पासवर्डपायी बाईंनी आजवर कित्येक पोरांना नापास केलं होतं, पालक रडत आले तरी ऐकलं नव्हतं. आज मात्र त्यांनी प्राचार्यांच्या संगणकावर सुरक्षेचं पान उघडलं आणि दुसरं कुलूप चालू केलं: पासवर्ड घातला की फोनवर आकडे येणार, ते घातल्याशिवाय आत प्रवेश नाही.

“आता तो कोणाला कळला तरी फोन तुमच्याकडे आहे,” त्या म्हणाल्या. “राहू द्या तो. एकदा करून बघा.”

प्राचार्यांनी कीबोर्ड जवळ घेतला आणि दोन बोटांनी एकेक अक्षर दाबायला सुरुवात केली. कोणी पासवर्ड टाइप करत असेल तेव्हा आपण तोंड फिरवायचं, असा बाईंच्या विषयातला शिष्टाचार आहे. त्यातलं प्रत्येक अक्षर ठाऊक असूनही बाई खिडकीकडे वळल्या आणि त्यांचं होईपर्यंत बाहेर बघत राहिल्या.