पथारीवरचा कुत्रा कुणाचा?

अन्याय माझ्या आईवर झाला. मागच्या दत्तजयंतीला, सकाळी, नैवेद्य दाखवून झाल्यावर, आमच्या मागच्या दारात. आणि तिच्याही आधी तो झाला तिला चावलेल्या कुत्र्यावर. हे आधीच सांगते, म्हणजे वाचून कुणी दगड घेऊन कुत्र्यांमागे धावू नये.

आमचं गाव नंदुरबारजवळचं, मिरचीच्या पथाऱ्यांचं. दसरा झाला की मोकळ्या मैदानांवर, म्हणजे पथाऱ्यांवर, मिरची वाळत पडते, बायका देठ खुडायला बसतात आणि गावभर शिंका सुरू होतात. पथारीला राखण लागते, म्हणून कुत्रा लागतो. आमच्या घरामागे एका शेठची पथारी आहे, तिच्यावर एक तांबूस कुत्रा होता. हंगामात राखण तिथे करायचा, भाकरी आमच्याकडे खायचा. पावसाळाभर आमच्याच ओट्यावर झोपायचा. आईची हाक आली की शेपूट हलवत हजर.

दसरा झाल्या-झाल्या कुत्र्यांना रेबीजची लस द्यायला गावात डॉक्टर आले. भोंग्यावरून पुकारा झाला, आपापले पाळीव कुत्रे घेऊन या. मी काकांना म्हटलं, न्या ना त्याला.

"तो पथारीना कुत्रा शे," काका म्हणाले. "शेठ लई जाई."

मी शेठकडे गेले. शेठ हसले. "भाकरी कोणाची खातो, ताई? मग कुत्रा कोणाचा?"

मीच न्यायला निघाले, तर पथारीवरच्या मुकादमाने त्याला शेडमध्ये साखळीने बांधून कुलूप घातलेलं. "सुई दिधी का कुत्रा नरम पडस. मंग चोर उना तं काय शेपूट हलावी का तो?" देठ खुडणाऱ्या बायका खो खो हसल्या. मी दारोदार आरोग्याची पत्रकं वाटणारी मुलगी. मला हसायची गावाला सवय आहे. डॉक्टर दुसऱ्या गावाला निघून गेले.

मग कुत्रा शिवारातून कानामागे फाटून आला. कोल्हा होता की भटका कुत्रा, कोण जाणे. आईने हळद भरली. जखम बुजली आणि सगळे विसरले.

दत्तजयंतीच्या दोन-तीन दिवस आधी त्याने भाकरी सोडली. मिरचीची पोती चावायला लागला. भुंकला की आवाज घोगरा, फाटका. मी म्हटलं, ह्याला बांधा, जवळ जाऊ नका. काका म्हणाले, "खोकला शे. मिरची नाकमा गयी."

आमच्याकडे दत्ताचा नैवेद्य आधी कुत्र्याला देतात. मी पुढच्या अंगणात होते, तेवढ्यात आई पोळी घेऊन मागच्या दाराने गेली. वर्षानुवर्षं देत आली तशीच वाकली. त्याने पोळी सोडून मनगट धरलं.

ओरडा ऐकून मी धावले, तोवर शेजारच्या मावशीने मूठभर तिखट जखमेत दाबलं होतं. आमच्या गावात कुत्रा चावला की हेच करतात. मिरची हाताशीच असते, अक्कल आणायला लांब जावं लागतं. आई ओठ चावत बसलेली. मावशी तिची पाठ थोपटत म्हणाली, "आज दत्तना दिन शे, माय. दत्तना कुत्रा चावना. परसाद समज. सुई लेवानी नही, देव कोपी."

आणि आईने मान हलवली! चाव्यापेक्षा मला त्या होकाराची भीती वाटली.

मी तिला ओढतच पाण्याच्या मोटारीच्या नळाखाली नेलं. साबण लावला, धुतलं, परत साबण लावला. तिखट धुऊन निघताना ती किंचाळत होती आणि मला शिव्या देत होती. मी थांबले नाही. रेबीज एकदा अंगात चढला की डॉक्टरच्या हातात काही उरत नाही, हे मी पत्रकातून शंभर दारांत वाचून दाखवलेलं वाक्य. स्वतःच्या आईचं मनगट हातात असताना ते वाक्य वेगळं ऐकू येतं.

गावात एकही जीप नव्हती. सगळ्या सारंगखेड्याला, दत्ताच्या यात्रेला गेलेल्या. शेवटी काकांच्या फटफटीवर, मध्ये आई, मागे मी. वाटेत ती म्हणाली, "हळू चालाड रे. कुत्राना आधी तूच मारशी माले." काका हसले नाहीत.

जिल्ह्याच्या दवाखान्यात जखम पुन्हा धुतली, जखमेभोवती औषध टोचलं, दंडात लस दिली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुत्रा घरचा की भटका? लस दिली होती?"

"सुई नही दिधी," काका म्हणाले.

"कोणाचा आहे तो?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"आमचाच," मी म्हटलं.

परत आलो तेव्हा मुकादमाने त्याला लांबून फास टाकून शेडमध्ये कोंडलं होतं. फटीतून पाहिलं. जबडा लोंबलेला, लाळ गळतेय, मागचे पाय ओढत भिंतीच्या कडेकडेने फिरतोय. आईचा आवाज ऐकून त्याने कान हलवला. ते मी विसरू शकत नाही. दुसऱ्या दिवशी तो मेला. तेव्हा शेठ म्हणाले, तुमचा कुत्रा, तुम्ही पुरा. मेल्यावरही भांडण तेच.

आईने सुयांचा सगळा क्रम पुरा केला. आता घाबरू नका, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पण भीती सांगून जात नाही. ह्या रोगात माणसाला पाणी गिळवत नाही, नुसत्या पाण्याने घशाला झटके येतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून ती तांब्या उचलायची आणि माझा जीव तिच्या गळ्यापाशी जाऊन थांबायचा. घोट खाली उतरला की मी श्वास घ्यायची. ठसका लागला तर हातातलं काम गळून पडायचं. रोज, प्रत्येक घोटाला. होळी झाली, उन्हाळा लागला, तरी.

एक दिवस तिने पकडलंच. तांब्या माझ्या नाकासमोर धरला. "देख, येडी. गटागट पेस मी. देखी ले." सगळा तांब्या संपवला आणि रिकामा माझ्या हातात दिला. मग हलकेच म्हणाली, "माले बी भेव लागस. पन पानी तं पेवानंच ना?"

आई बरी आहे. तिखटाने नाही, दत्ताच्या प्रसादाने नाही, सुयांनी. त्या सुया तिला लागल्याच नसत्या, कुत्र्याला वेळेवर एक मिळाली असती तर.

यंदा पथारीवर नवं पिल्लू आलंय. भाकरीला आमच्या दारात येतं. शेठ काही बोलायच्या आत आईने त्याला पदरात गुंडाळलं आणि जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. लस दरवर्षी द्यायची, हेही विचारून आली. मुकादम म्हणाला, नरम पडेल. आई म्हणाली, "पडू दे. तू भुकजो त्यानाबदला."

आता तुम्ही. तुमच्या मागच्या दारात भाकरी कोण खातं, उठून बघा. तो पथारीचा नाही, गल्लीचा नाही, देवाचा नाही, तुमचा आहे. त्याला दोरी लावा आणि आजच लस द्यायला न्या.